सुकीचं पथ्य

चिखले,
१६ नोव्हेंबर २०१४

चि. जागृतीस मामाचे आशीर्वाद.

परवा फोनवर तू बराच वेळ बोललीस आणि मी हो हो म्हणत राहिलो. खरं सांगतो, एक शब्द कळला नाही. डावा कान गेल्या वर्षी गेला, उजवा या दिवाळीत. यंत्र लावलं तर पंखा वादळासारखा ऐकू येतो आणि माणूस येत नाही. तेव्हा यापुढे पत्र. तलासरीच्या डोंगरात तुझ्या आश्रमशाळेपर्यंत पोस्टमन पोचतो की नाही, ते या पत्रावरून कळेल.

विचारायचं आहे ते असं. आपली विहीर मार्चपासून तळ दाखवते. साडेतीनशे चिकू, वर देवेशने मिरची लावली आहे, त्यामुळे पाणी पुरत नाही. देवेश म्हणतो, बोअर मारू, दोनशे फूट. माझं मन घेत नाही. माझ्या वडिलांनी ही विहीर पंचवीस फुटांवर थांबवली होती. तेव्हाचे लोक म्हणत, किनाऱ्याला फार खोल जाऊ नये. का जाऊ नये, ते त्यांनी सांगितलं नाही. तू भूगोल शिकवतेस. पोरगा माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. काय ते स्पष्ट लिही.

बाकी ठीक. तुझी मामी गेल्यापासून वाडीत माझ्याशी बोलणारी एकटी सुकी. चाळीस वर्षं कामाला येते. तुझ्या मामीने आणि तिने मिळून दक्षिणेची रांग लावली ती झाडं आता दोघींच्या दुप्पट उंच झाली आहेत. मला ऐकू येत नाही हे तिला पटलेलं नाही. ती बोलतच असते.

तुझा,
काशीनाथमामा


तलासरी,
३० नोव्हेंबर २०१४

ती. मामा,

नमस्कार. पत्र पोचलं. मुलांनी पाकीट आधी उन्हात धरून बघितलं, आत पैसे आहेत का म्हणून.

बोअरबद्दल. जमिनीचं असं असतं मामा: खाली काळा कातळ. ऊनपावसाने तो वरून झिजत जातो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची शेवटी माती. हातभर माती व्हायला हजारो वर्षं लागतात. पावसाचं पाणी मुरमात थांबतं आणि हळूहळू कातळाच्या भेगांत उतरतं. आपली विहीर फक्त वरच्या थरातलं पाणी घेते, म्हणून उन्हाळ्यात आटते. बोअर खालच्या भेगांपर्यंत जाते. आमच्या शाळेची बोअर दोनशे दहा फुटांवर आहे आणि पाणी अगदी गोड. तुमच्या खालीही तोच कातळ आहे.

जुने लोक सांगत त्यातलं बरंचसं भीतीपोटी असे. देवेशदादाला म्हणावं, खुशाल मार.

सुकीबाईंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
जागृती


चिखले,
२२ मे २०१५

चि. जागृती,

तुझं पत्र देवेशने तीनदा वाचलं आणि खिशात घालून फिरला. 'बघा, शिकलेलं माणूस काय म्हणतं!'

मार्चमध्ये बोअर मारली. मशीनवाला उंबरगावचा गुजराती. एकशे नव्वद फुटांवर पाणी उडालं, नारळाच्या झाडाएवढं उंच. त्याने चाखलं आणि हात वर करून काहीतरी ओरडला. मी विचारलं, काय म्हणतो? देवेशने कागदावर लिहिलं, 'मीठुं छे.' क्षणभर मी ते 'मीठ' समजलो. मग आठवलं, गुजरातीत गोडालाही मीठुंच म्हणतात. चाखून बघितलं. गोड होतं.

सुकीने नारळ फोडला. तिच्या नवऱ्याने, तुक्याने, मोटरवर कुंकू लावलं. या वर्षी भर मे महिन्यात झाडं हिरवीगार आहेत. तुझ्या मामीने हे बघायला हवं होतं.

चिकूची पेटी पाठवतो आहे. दोन दिवस पेंढ्यात ठेव, मग मुलांना दे.

मामा


चिखले,
११ फेब्रुवारी २०१७

चि. जागृती,

वर्षभरात पत्र नाही म्हणून रागावलीस ना? चांगलं काही असलं की माणूस लिहायचं पुढे ढकलतो. आता चांगलं नाही, म्हणून लिहितो.

चिकूची पानं कडेने करपतात, विस्तवाला लावल्यासारखी. फळ सुपारीएवढं होतं आणि गळतं. समुद्राकडच्या बाजूला जास्त. आणि सकाळी आळ्यातली माती वाळली की वर पांढरं दिसतं, पिठी सांडल्यासारखं. देवेश म्हणतो, खताचं आहे. कुणी म्हणतं, डहाणूच्या वीजकेंद्राची राख हवेतून येते. तू सांग.

दुसरी काळजी सुकीची. तिचे पाय सुजले आहेत. बोट दाबलं की खड्डा राहतो. डहाणूला डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन गेलो. प्रेशर फार वाढलं आहे, मूत्रपिंड कमजोर झालं आहे, असं त्यांनी मला लिहून दिलं. औषधाहून मोठं पथ्य म्हणजे मीठ बंद. पूर्ण बंद. सुकीने मान डोलावली. पण दोन महिने झाले, सूज उतरत नाही, उलट तोंडावर आली. म्हणजे घरी चोरून सुके बोंबील चालू असणार. मी तिला विहिरीपाशी गाठून चांगलं झापलं. 'मरायचंय का तुला? जिभेला जरा आवर घाल!' ती काहीतरी बोलली, बांधापलीकडच्या आपल्या पाड्याकडे हात केला, पुन्हा बोलली. घरी जायला सुट्टी मागत असावी. मी म्हटलं, हो हो, जा. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली, मग गेली.

पांढऱ्या मातीचं लवकर लिही.

मामा


तलासरी,
२० फेब्रुवारी २०१७

ती. मामा,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या बोअरचं पाणी चाखून बघा. तुम्ही स्वतः. आणि ती रोज किती तास चालते ते मला कळवा.

मातीवरचं ते पांढरं म्हणजे मीठ आहे. तुम्ही पाणी देता, ऊन पाणी ओढून घेतं, मीठ मागे राहतं. झाडाचं मूळ मग पाणी पिऊ शकत नाही. आळं ओलं असूनही झाड तहानलेलं राहतं.

तुमचं पत्र आल्यापासून मी खूप वाचलं. डोंगरात आणि किनाऱ्याला खालची गोष्ट एक नसते, मामा. किनाऱ्याला जमिनीच्या पोटात समुद्राचं पाणी आधीच आत शिरलेलं असतं. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते त्याच्यावर तरंगतं, भाताच्या पेजेवर तुपाचा तवंग असावा तसं. त्या गोड्या पाण्याच्या वजनानेच खारं पाणी खाली दबून राहतं. वरचं गोडं पाणी एक फूट उपसून कमी केलं, तर खालचं खारं चाळीस फुटांपर्यंत वर चढू शकतं. बोअर तर सरळ त्याच्या तोंडाशीच गेली आहे. तुमच्या बांधापासून समुद्र सहाशे पावलांवर आहे.

बोअर बंद करा. आजच. पाठ्यपुस्तकात हे इतकं स्पष्ट दिलेलं नसतं, नाहीतर आधीच सांगितलं असतं.

सुकीबाईंना रागावू नका. त्या पथ्य मोडणाऱ्यातल्या नाहीत.

जागृती


चिखले,
५ मार्च २०१७

चि. जागृती,

चाखलं. किंचित मचूळ लागतं. खारं म्हणण्याइतकं नाही. चौदा तास चालायची, मी सांगितल्यावर देवेशने आठ तासांवर आणली आहे. पूर्ण बंद केली तर मिरची जाईल आणि उरलेली झाडंही जातील. त्याच्याही डोक्याला व्याप आहेत. आजूबाजूला सगळ्यांच्या बोअरी आहेत, एकट्याने बंद करून काय होणार?

घरची काळजी करू नकोस. पिण्याला आपल्याकडे नळाचं पाणी आहे.

सुकी हल्ली आठवड्यातून तीनच दिवस येते. आली तरी सावलीत बसून राहते. मी बसू देतो.

मामा


तलासरी,
२ नोव्हेंबर २०१७

ती. मामा,

दिवाळीला तीन दिवस तुमच्याकडे होते आणि हे तोंडाने बोलू शकले नाही. तुमच्या कानात ओरडून सांगावं लागलं असतं. देवेशदादा, वहिनी, अंगणातली माणसं सगळ्यांनी ऐकलं असतं. ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे. म्हणून इथे येऊन लिहिते आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले होते. सुकीबाई खाटेवर होत्या. तोंड इतकं सुजलेलं की डोळे शोधावे लागत होते. तुक्याबाबांनी कोरा चहा केला. पहिल्या घोटाला मला वाटलं, चुकून साखरेऐवजी मीठ पडलं. सुकीबाईंनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. म्हणाल्या, "चहा तसाच लागतो बाय. आमचा पानी खारा झाला."

कधीपासून? तर म्हणे बोअर लागली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. त्यांची विहीर तुमच्या बांधापलीकडे, समुद्राच्या बाजूला. तुमच्या आधी त्यांची गेली. पाड्यावरची तरणी माणसं रेल्वेच्या पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणतात. म्हातारी दोघं तेवढं चालू शकत नाहीत. ती तेच पितात.

पाण्यातले क्षार मोजायचं शाळेचं मीटर मी बरोबर नेलं होतं. तुमच्या नळाच्या पाण्यात एकशे सत्तर आकडा येतो. पाचशेपर्यंत चालतं. पाड्याच्या विहिरीला दोन हजार नऊशे आला. मी पुन्हा धुऊन मोजलं. तेवढाच.

मामा, त्यांच्या घरात मिठाची बरणी नाही. तुक्याबाबांनी डबे उघडून दाखवले. वर्षभर दोघं अळणी खातात. म्हातारा तिच्यासाठी म्हणून अळणी खातो. सुके बोंबील दाराशी विकायला येतात, तर ते विकणारीला पुढे जा म्हणतात. आणि भात शिजतो त्या पाण्यात. पेज त्या पाण्याची. औषधाची गोळी त्या पाण्याबरोबर.

मी विचारलं, मामांना का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "शेठला दोनदा सांगितला. विहिरीवर सांगितला, पथ्यावरनं बोलला तवा. शेठ हो हो बोलला." देवेशदादालाही सांगितलं होतं. तो 'बघतो' म्हणाला.

रागाने बोलल्या नाहीत. हवापाण्याचं बोलावं तसं बोलल्या. मला ते जास्त लागलं.

दुखणं पाण्यानेच झालं असं कुठला डॉक्टर लिहून देणार नाही. वय आहे, प्रेशर आधीपासून असेल. पण पथ्य त्यांनी मोडलं नव्हतं.

जागृती


चिखले,
९ नोव्हेंबर २०१७

जागृती,

पत्र वाचलं. देवेशपुढे ठेवलं. कागदावर लिहून विचारलं, 'तुला माहीत होतं?' त्याने त्याच कागदावर खाली लिहिलं, 'सगळ्यांच्याच विहिरी जातायत, बाबा. मी एकटा काय करू?' मी बोअरच्या पेटीतले फ्यूज काढले आणि धोतराच्या सोग्याला बांधले. तो माझ्या अंगावर आला नाही. खाली बसला आणि रडला. तो वाईट नाही गं. झाडं जाताना बघवत नव्हती त्याला.

नंतर दोन कॅन नळाचं पाणी घेऊन पाड्यावर गेलो. तुक्याने कॅन आत नेले. मी खाटेशी उभा राहिलो. म्हटलं, "सुके, चुकलो मी. तुला झापलं." तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. घाईत एक माझी आणि एक देवेशची चप्पल घालून गेलो होतो. ती हसली. सुजलेल्या तोंडाने हसणं म्हणजे केवढं कष्टाचं काम.

आणखी एक तुला माहीत नाही, ते सांगतो. नळाची लाइन माझ्या कुंपणापाशी का थांबते? बारा वर्षांपूर्वी पाड्यापर्यंत पाइप न्यायचा होता. चर दक्षिणेच्या रांगेतून जाणार होता. मी नाही म्हटलं. तुझ्या मामीने लावलेल्या झाडांची मुळं तुटतील म्हणून. सुकी तेव्हा तिथेच उभी होती. तेव्हा मला ऐकू येत होतं आणि ती काही बोलली नव्हती.

मामा


चिखले,
१७ फेब्रुवारी २०१८

चि. जागृती,

सुकी सोमवारी गेली. वलसाडच्या इस्पितळात नेली होती, तिथे दोन दिवस. मी गाडीत बरोबर होतो. वाटेत तिने पाणी मागितलं. डॉक्टरांनी तेही मोजून द्यायला सांगितलं होतं, म्हणून तुक्याने कापूस भिजवून ओठांना लावला. गोडं पाणी होतं. तीन महिने गोडंच पीत होती. उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी पाडा जमला तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, "तुमची विहीर माझ्या बोअरने खारी झाली. सुकीने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. कान गेले म्हणून नाही. तिला काय सांगायचंय ते थांबून विचारलं नाही, म्हणून." सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. कुणी शिवी दिली नाही, दिली असती तर ओठांवरून कळली असती. तुक्या उठला आणि घरात गेला. त्याच्या मागे दार लागलं.

मी मग घरी आलो.

देवेश आणि सूनबाई वापीला गेली. तिथे तो कंपनीत लागला आहे. जाताना पाया पडला.

मामा


तलासरी,
४ मार्च २०१८

ती. मामा,

तुमचं पत्र वर्गात उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी नदीवर जाऊन वाचलं.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवत आले आहे. लपवली असं म्हणू का? तुमच्याच कपाटात आहे ती. २०१४ चं माझं पत्र काढून बघा. 'खुशाल मार' हे शब्द माझे आहेत. मी डोंगरातली बोअर बघून समुद्राकाठचं उत्तर दिलं. तुमच्या वडिलांची पंचवीस फुटांची अट मी भीती म्हणून उडवून लावली. त्यांना कारण सांगता आलं नव्हतं, एवढंच. आणि पुढे चूक कळली तेव्हाही मी पाठ्यपुस्तकावर ढकललं. पाठ्यपुस्तकात नव्हतं हे खरं. पण मी त्यापलीकडे बघितलं नव्हतं, हेही खरं. पाड्यावर सगळं तुम्ही एकट्याने अंगावर घेतलंत. पुढच्या वेळी माझं नाव घ्या.

काल सातवीच्या मुलांना बरणीत करून दाखवलं. खाली रंगवलेलं खारं पाणी, वर अलगद सोडलेलं गोडं. नळी घालून वरचं ओढलं की रंग कसा वर चढतो ते मुलांनी बघितलं. एका मुलीने विचारलं, "बाई, परत पहिल्यासारखं व्हायला किती दिवस?" मी म्हटलं, पाऊस पडत राहिला आणि उपसा थांबला तर होईल, पण वर्षं लागतील. किती वर्षं? मी फळ्यावर 'वर्षे' लिहिलं आणि आकड्याची जागा मोकळी ठेवली. खरंच माहीत नाही.

जागृती


चिखले,
८ डिसेंबर २०१९

चि. जागृती,

तुमच्याकडचे भूकंपाचे धक्के कमी झाले का? मुलं अजून मांडवातच झोपतात का? इथेही अधूनमधून जमीन हलते. भांडी वाजतात म्हणे. मला पायांतून कळतं.

तुझं ते पत्र काढून वाचलं. मग परत ठेवलं. तू सल्ला दिलास, पण मोटर तू चालवली नव्हतीस. पुन्हा यावर लिहू नकोस.

या वर्षी पाऊस भरपूर झाला. बोअर बंद आहेच. शेजारच्या दोघांनीही मिरची सोडली, एकाने माझ्या सांगण्यावरून, एकाने पिकत नाही म्हणून. तू पाठवलेलं मीटर लावलं. पाड्याच्या विहिरीला दोन हजार सातशे. दोन वर्षांत दोनशे उतरले. मी पंचाहत्तरीचा झालो. हिशेब तू कर.

दक्षिणेची रांग तोडली. निम्मी झाडं वाळलीच होती, निम्मी जिवंत होती. जिवंत होती ती तोडताना मी तिथे उभा राहिलो. तिथून चर खणला, पाइप गेला. गणपतीच्या आधी पाड्यावर नळ आला. पहिल्या दिवशी बायकांनी तोटीला हार घातला, मला बोलावलं. पोरं पाण्याखाली तोंड धरून पीत होती. मी लांबून बघितलं.

आता सगळा पाडा तिथे पाणी भरतो. तुक्या भरत नाही. नळ त्याच्या दारापासून वीस पावलांवर आहे. तो रोज सकाळी कळशी खांद्यावर घेतो, नळावरून पुढे जातो, रेल्वे ओलांडतो आणि पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणतो. जाताना एकदा, येताना दोनदा बसतो. सुकी होती तेव्हा त्याला एवढं चालवत नव्हतं. आता कसं चालवतं, कळत नाही.

पाड्यावरच्यांनी समजावलं. मी मात्र इतके दिवस काही म्हटलं नाही. काल वाटेत उभा राहिलो. तो आला, माझ्यासमोर थांबला. कळशी भरलेली होती, ती त्याने खाली ठेवली. मी हात पुढे केला, कळशी घ्यायला. म्हटलं, "तुक्या, दे. घरापर्यंत मी नेतो." त्याने माझ्या हाताकडे बघितलं. ओठ हलले नाहीत, मी नीट बघत होतो. मग वाकला, कळशी उचलून खांद्यावर घेतली आणि मला वळसा घालून गेला.

उद्या पुन्हा उभा राहीन.

मामा